एक नंबरचं झाड

यज्ञेश्वरराव लांजेवारांना संशय घ्यायला कारण लागत नसे. सवड लागे, आणि रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ती भरपूर होती. दूधवाल्याच्या मापात त्यांना पाणी दिसे, शेजाऱ्याच्या नमस्कारात मतलब दिसे. कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी तिसऱ्याच दिवशी सोडला. आपण निरोप वाचला की समोरच्याला निळी खूण दिसते, आणि ती त्याला कशाला हवी, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नाही. रायपूरच्या शंकर नगरातल्या त्यांच्या घराच्या फाटकाला आतून साखळी आणि साखळीला कुलूप असे. भर दिवसासुद्धा.

याचा सगळा दोष त्यांच्या स्वभावाला देऊन चालणार नाही. चौतीस वर्षं त्यांची भाकर संशयावरच चालली होती. मालगाडी यार्डात येऊन थांबली की हातोडी घेऊन डब्याडब्याच्या चाकांवर ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. आवाज बद्द आला की खडूने डब्यावर लिहायचं, 'सिक'. म्हणजे डबा आजारी. खडू लागला की तो डबा गाडीतून निघालाच. काही दुरुस्त होऊन परत येत, पुष्कळसे भंगारात जात. खूण झालेल्या डब्याचं पुढे काय होतं हे लांजेवारांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि हे ठाऊक असणंच शेवटी त्यांना भोवलं.

साऱ्या जगात एकच गोष्ट अशी होती की जिच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. ते होतं चारोळीचं झाड. इकडे त्याला चार म्हणतात. घराला लागून कॉलनीचा मोकळा प्लॉट होता, त्याच्या कोपऱ्यात, लांजेवारांच्या भिंतीपासून दहा पावलांवर ते उभं होतं. कॉलनी झाली त्याच्या आधीपासूनचं, काळ्या खरबरीत सालीचं. एकोणनव्वद साली ते इथे राहायला आले तेव्हा आजूबाजूला रानच होतं. रान गेलं, हे राहिलं. रोज सकाळी झाडाखालच्या दगडावर बसून लांजेवार पेपर वाचत. उन्हाळ्यात काळी पिकली फळं टपटप पडत, ती ते स्वतः वेचून आणत. त्यांच्या पत्नी विजयाबाई फळं धुऊन बिया गच्चीवर वाळवत, मग दगडाने हलक्या हाताने फोडून आतली चारोळी काढत. त्या चारोळीशिवाय लांजेवारांच्या घरात श्रीखंड झालेलं नव्हतं. 'दुकानातल्या चारोळीत काय मिसळतात कोण जाणे' हे कारण ते सांगत, पण खरं कारण त्यांचा जीव त्या झाडावर होता. तोंडाने मात्र त्यांनी ते कधी कबूल केलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी त्या प्लॉटवर रविवारची शाळा सुरू झाली. देवश्री नावाची एक मुलगी ती चालवी. तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. मराठी सगळी समजे, उत्तर हिंदीत देई. पंधरा-वीस माणसं जमत, त्यांत बायका जास्त. इथल्या मातीची झाडं कोणती, बाहेरून आणून लावलेली कोणती, पालापाचोळा न जाळता झाडाच्या बुडाशी कसा पसरायचा, कोणत्या पानावर कोणतं फुलपाखरू अंडी घालतं, असं काय काय तिथे चाले. विजयाबाई पहिल्या रविवारी सहज बघायला म्हणून गेल्या आणि मग एकही रविवार चुकवेनात. पासष्टाव्या वर्षी बाईच्या नखांत माती आणि चेहऱ्यावर तजेला आला. लांजेवारांना त्या तजेल्याचाच पहिल्यांदा संशय आला.

"फुकट कोणी कोणाच्या प्लॉटवर झाडू मारते का?" ते म्हणाले. "जागा हडपाची आहे त्यायले. आज रोपं लावतीन, उद्या कुंपण घालतीन, परवा बोर्ड."

"अहो, ते शिकवून राहिले. तुमी एकदा येऊन तर पाहा."

"मी इथूनच पाहून राहिलो."

आणि खरंच, ते खिडकीच्या पडद्याआडून पाहत. गेल्या उन्हाळ्यात तर त्यांना पुरावाच मिळाला. गच्चीवर वाळत घातलेल्या चारोळीच्या बिया निम्म्याने कमी झाल्या. कामवालीला विचारून झालं, चिमण्यांनाही दोष देऊन झाला. शेवटी लांजेवारांनी निकाल दिला, "हे त्या शाळेचं काम आहे." विजयाबाई काहीतरी सांगायला लागल्या तर त्यांनी हात वर केला. "राहू दे. तुले काय पढवून पाठवलं ते मले माहीत आहे." विजयाबाईंनी तोंड मिटलं. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात हा वर झालेला हात त्यांनी इतक्यांदा पाहिला होता की त्याच्यापुढे बोलायचा त्यांना कंटाळा आला होता.

यंदा मे महिन्यात देवश्री रंगाचे डबे घेऊन आली. प्लॉटवरच्या काही झाडांवर तिने पिवळ्या रंगाचे चौकोन काढले आणि त्यांत लाल आकडे घातले. कडुनिंब, बेल, कहुआ म्हणजे अर्जुन, करंज, मिळून अकरा झाडं. आणि सगळ्यात पहिला आकडा, एक, चारोळीवर.

लांजेवारांनी तो पडद्याआडून पाहिला. आकडा, तोही लाल. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. खूण झाली की डबा गाडीतून निघतो. आता पहिला नंबर म्हणजे पहिली कुऱ्हाड, हे सांगायला कोणी कशाला पाहिजे?

संध्याकाळी विजयाबाई म्हणाल्या, "ऐका ना, कॉलनीच्या कमिटीनं परवानगी काढली. पुढच्या महिन्यात प्लॉट साफ करून राहिले. त्या झाडायवर जे नंबर टाकले ना..."

हात वर झाला. "समजलं मले. सगळं समजलं."

विजयाबाईंनी ते एवढं एकच वाक्य पुरं केलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याही रागाने उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, रायपूरचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरोघरी कूलर घरघरत होते, विजयाबाई झोपल्या होत्या. लांजेवारांनी डोक्याला ओला पंचा गुंडाळला, तारेचा ब्रश आणि थिनरची बाटली घेतली, आणि फाटकाचं कुलूप काढून ते झाडाकडे गेले. साल खरबरीत, भेगाभेगांत रंग शिरलेला. अर्धा तास ते घासत होते. अंगातून घामाच्या धारा, छाती धाडधाड. रंग निघाल्यावर त्यांनी ओली माती घेऊन जागा सारवून टाकली. मग खोडावर हात टेकून दम घेतला आणि कोणी ऐकत नाही याची खात्री करून म्हणाले, "आता फिकर नाही तुले."

बाकीच्या दहा झाडांना त्यांनी हात लावला नाही. सगळेच आकडे पुसले असते तर लोकांना संशय आला असता. उन्हामुळे महिनाभर रविवारची शाळा बंद होती, त्यामुळे एकाचा आकडा गेलेला कोणाच्या ध्यानात आला नाही.

जूनमध्ये, उन्हाच्या आधी काम व्हावं म्हणून सकाळी सहालाच माणसं आली. देवश्री आठला येणार होती. विजयाबाई तेलीबांध्याला तलावाकाठी फिरायला गेल्या होत्या. लांजेवार पडद्याआड उभे होते. गड्यांचा मुकादम, पन्नाशीचा, गळ्यात गमछा, चारोळीच्या झाडाभोवती दोनदा फिरला. खोडावर हात फिरवून त्याने वर फांद्यांकडे पाहिलं. मग तो तडक लांजेवारांच्या फाटकाशी आला आणि त्याने साखळी वाजवली.

"काका! ओ काका! जरा बाहेर येता का? एक गोष्ट विचाराची होती."

लांजेवार हलले नाहीत. झाडावर आकडा होता, तो कुठे गेला, हेच हा विचारणार. बरोबर माग काढत आला आहे. त्यांनी पडदा नीट ओढून घेतला. साखळी आणखी दोनदा वाजली. मग पावलं परत गेली.

लांजेवार मागच्या खोलीत गेले, दार लावलं, कूलर पुऱ्या वेगाने सोडला आणि पेपर उघडला. बाहेर यंत्रं गुरगुरत होती. कापा म्हणावं काय कापायचं ते, आपलं झाड वाचलं. त्या सकाळी त्यांनी शब्दकोडंसुद्धा पुरं सोडवलं.

आठ वाजून गेल्यावर विजयाबाईंचा आवाज आला. हाक नव्हती ती. लांजेवार अनवाणीच बाहेर धावले.

प्लॉटवर आकडे घातलेली दहा झाडं जशीच्या तशी उभी होती. घाणेरीची जाळी, कोनोकार्पसची रांग, सुबाभूळ, बाहेरून आलेलं सगळं भुईसपाट. आणि कोपऱ्यात, दगडाशेजारी, चारोळीचा उरलेला बुंधा आणि आडवं पडलेलं खोड.

देवश्री मुकादमासमोर उभी होती.  "मैंने क्या बोला था, लहानू भैया? जिस पर नंबर है उसको छोड़ना है, बाकी साफ करना है. चार का यही एक पेड़ था पूरी कॉलनी में! इसीलिए तो इसको एक नंबर दिया था मैंने."

लांजेवारांनी हे ऐकलं आणि त्यांना कळलं. सगळं एकदम कळलं. इतकं की ते तिथेच झाडाखालच्या दगडावर बसले, आणि डोक्यावर सावली नाही हे त्यांना तेव्हा जाणवलं.

"याच्यावर नंबर नव्हता, ताई," लहानू म्हणाला. तो गोंदियाकडचा, बरीच वर्षं रायपुरात मजुरीला होता.

"झूठ मत बोलो. फोटो है मेरे पास." तिने फोन पुढे केला. फोटोत काळ्या सालीवर पिवळा चौकोन आणि लाल एक स्वच्छ दिसत होता.

लहानूने फोटो पाहिला आणि वळून आडव्या खोडाकडे बघितलं. जमलेल्यांत कुजबुज सुरू झाली. लाकडासाठी कापलं असेल, कोणी म्हणालं. यांचा काय भरवसा, दुसरं कोणी. कमिटीवाले म्हणाले की उद्यापासून हा माणूस कामावर नको, ठेकेदाराला तसं सांगू, आणि बाकीच्या कॉलन्यांनाही सांगून ठेवू.

"मी खेड्यातला माणूस आहे," लहानू हळूच म्हणाला. "चारोळीचं झाड मले ओळखू येत नाही का? लहानपणी त्याच्याखालीच वाढलो. म्हणूनच हात थांबला माझा. त्या समोरच्या घरी विचारायले गेलो होतो का बा, हे काटाचं आहे का ठेवाचं. कोणी फाटक उघडलं नाही. ठेकेदाराले फोन केला, तो म्हणे, नंबर नाही ना, मग काट."

सगळ्यांनी लांजेवारांच्या घराकडे पाहिलं. विजयाबाई घाईने म्हणाल्या, "आमचे हे झोपले असतीन. कूलरच्या आवाजात ऐकू नाही येत."

आणि लोकांनी ते मानलं. लांजेवार काका, रिटायर्ड रेल्वेवाले, त्या झाडाखाली रोज बसणारे. देवश्रीने तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, सबसे ज़्यादा तो आपका नुकसान हुआ."

ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, त्यांच्यावर कोणाचाच गेला नाही. लांजेवारांना वाटलं, असंच उठावं, आत जावं, कुलूप लावावं. कोणाला कधीच कळणार नाही. लहानूला दुसरीकडे काम मिळेल. किंवा नाही मिळणार.

ते उठले. घरात गेले. विजयाबाईंना वाटलं, माणूस खचला. पण ते परत आले, आणि त्यांच्या हातात तारेचा ब्रश होता. तारांच्या बुडाशी पिवळा रंग अजून चिकटलेला होता. ब्रश त्यांनी बुंध्यावर ठेवला.

"हा खोटं नाही बोलून राहिला," ते म्हणाले. "नंबर मी पुसला. आणि सकाळी मी जागाच होतो. मुद्दामच उघडलं नाही फाटक."

"पर क्यों, काका?"

"मले वाटलं, नंबर म्हणजे काटाचं. मी याले वाचवून राहिलो होतो."

 त्यांना कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लहानूने गमछ्याने तोंड पुसलं आणि तो दुसरीकडे बघू लागला. म्हातारा माणूस चारचौघांत रडताना बघणं त्याला जड गेलं असावं.

विजयाबाई तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी, रविवारी, त्या म्हणाल्या, "चपला घाला. चला."

प्लॉटवर माणसं जमली होती. कमिटीने लहानूला कामावर ठेवलं होतं, बुंध्यापासून थोडं दूर तो खड्डा खणत होता. देवश्रीच्या हातात एक काळी पिशवी होती आणि पिशवीत वीतभर रोप. रुंद, खरबरीत चार पानं.

"हे कुठलं?" लांजेवारांनी विचारलं.

"याच झाडाचं," विजयाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी गच्चीवरच्या बिया मीच नेऊन दिल्या होत्या, दोनशे. सात उगवल्या. तेच सांगत होती मी तेव्हा."

लांजेवारांनी मान खाली घातली. देवश्रीने रोप त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "मी नाही. त्याले लावू दे."

लहानूने रोप लावलं, माती हाताने दाबली, भोवती सुका पाला पसरला. मग बालदी उचलून त्याने विचारलं, "पाणी?"

"माझ्याकडे आहे, अंगणात नळ आहे," लांजेवार म्हणाले आणि पुढे झाले. फाटकाच्या गजांतून हात घालून त्यांनी कुलूप काढलं, साखळी ओढून खाली टाकली आणि फाटक पार भिंतीला लागेपर्यंत उघडलं. "ये."

लहानू फाटकापर्यंत आला. त्या दिवशी उभा होता तिथेच थांबला. समोर सताड उघडं अंगण, तरी त्याचं पाऊल उंबऱ्याच्या अलीकडेच राहिलं.

"येऊ ना, काका?" त्याने विचारलं.

 लांजेवारांनी त्याच्या हातातली बालदी घेतली, नळाखाली धरली आणि भरल्यावर दोन्ही हातांनी उचलून स्वतःच रोपापर्यंत नेली.