दत्तूची निळ्या काठाची चादर

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला. डोळे भरून यायला हवे होते, ते नंतर आले. आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो... आता मालगुंडात कुणाला घोडा घ्यायचा असला तर लोक मला विचारतील. माझा सख्खा आत्तेभाऊ, माझ्याच वयाचा, आणि मला सुचलं ते हे. पाच आठवडे झाले, अजून साबणाचा वास आला की ओशाळायला होतं.

पर्यटकांना किनाऱ्यावर घोड्यावरून फिरवणं हा दत्तूचा धंदा. तो नववीत नापास झाला, मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, आणि तरी आयुष्यभर घरात एकच वाक्य ऐकत आलो : "भावोजींना विचारलंत का?" ही आमची बायको. गाय घ्यायची असो, विहिरीची जागा ठरवायची असो. मुलीला स्थळ आलं तेव्हाही तिने दत्तूलाच मुलगा बघायला पाठवलं. "घोड्याचं कळतं त्यांना, माणसाचं नाही कळणार?" घाटावरच्या बाजारातून तो घोडे आणायचा, एकटाच जाऊन. त्यातल्या एकानेही कधी लाथ झाडली नाही. आया आपली चिमुरडी त्या पाठीवर बसवून निवांत फोटो काढायच्या. गुपित विचारलं तर म्हणायचा, "काय नाय रे सुध्या. नुसतं उभं ऱ्हायचं." मला वाटे, लेकाचा लपवतोय. बाजाराला जाताना त्याच्या पिशवीत निळ्या काठाची एक जुनी पांढरी चादर असायची. मुक्काम पडत असेल, झोपायला नेत असेल, असं मी धरून चाललो होतो.

निवृत्त झालो आणि मीही घोडा घ्यायचं ठरवलं. हातपाय हलते राहतील, असं लोकांना सांगितलं. खरं कारण एवढंच, की एकदा तरी दत्तूला न विचारता काहीतरी नीट करून दाखवायचं होतं. गुपचूप घाटावर गेलो. दत्तू चादर नेतो, म्हणून मी सतरंजी, उशी आणि मच्छरदाणी नेली. मोबाइलवर बघितलं होतं तसे दात तपासले, खूर तपासले. एक पांढराशुभ्र घोडा मान खाली घालून उभा होता. कानाशी टाळी वाजवली, ढिम्म हलला नाही. विकणारा म्हणाला, "साहेब, गाय आहे गाय." तिथल्या तिथे घेतला, आणि नाव ठेवलं शांताराम. त्याला पहाटेपासून पळवून पळवून दमवलेलं होतं, हे मला नंतर दत्तूकडून कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शांतारामवर बसून ऐटीत किनाऱ्यावर उतरलो. घाटावरच्या त्या बिचाऱ्याने समुद्र कुठला बघायला? फेस सरसरत खुरांशी आला मात्र, शांताराम गर्रकन वळला. शहाळ्यांचा ढीग, भेळेची गाडी, सुरूचं बन... मी त्याच्या मानेला मिठी मारून. थांबला तो दत्तूच्या अंगणात, त्याच्या घोडीला हुंगत. दत्तू पेंढा टाकत होता. त्याने मला खालून वर न्याहाळलं. "उतर. चाय घेशील?" एवढंच. हसला असता तर परवडलं असतं. त्याच्या वाटचं हसू त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पडवीत बसून हसून घेतलं.

शांताराम तिथेच राहिला. सकाळी दत्तू त्याच्याकडे पाठ करून नुसता उभा राहायचा. "आधी त्याला आपल्याला बघू दे. आपल्यालाच बघायची घाई." मग ती चादर निघाली. ओली करून त्याने ती जमिनीवरून हळूहळू खुरांकडे ओढली, अगदी फेसासारखी. "बाजारात समुद्र कुठून आणू? म्हणून ही नेतो. दचकला तर चालतो. दचकून परत वाकून बघतो काय, ते बघायचं." सतरंजी-उशीची गोष्ट मी त्याला मरेपर्यंत सांगितली नाही.

पंधरा दिवसांत शांताराम लाटांत उभा राहायला लागला. पण झाला तो दत्तूचा. मी गूळ घेऊन जायचो. गूळ खायचा, आणि खाता खाता माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघायचा, दत्तू येतोय का. बायकोचं एक वेळ मी सोसलं होतं... पण गूळ माझा, घोडा माझा, आणि डोळे फाटकाकडे. सात वर्षं हेच.

तेराव्यानंतर वहिनींनी घोडी भावाकडे पाठवली. मला म्हणाल्या, "सुधाभावोजी, शांतारामचं काय ते बघा. माझ्याच्याने होत नाही आता." हातखंब्याहून वरातीला घोडे देणारा एक जण आला. त्याने शांतारामला बघितलं, मग माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, "काका, स्वभावाला कसा आहे?" या प्रश्नासाठी मी जन्मभर तळमळलो होतो. आणि आता उद्या सांगतो म्हटलं. घरी येऊन बायकोला विचारलं, विकू का? ती सवयीने म्हणाली, "एकदा भावो..." मग कितीतरी वेळ तीच एक भेंडी चिरत बसली.

सकाळी दत्तूकडे गेलो. चादर पडवीतल्या खुंटीवर होती, काठ विरलेला, खाऱ्या पाण्याने कडक झालेली. भिजवली, अंगणातून ओढत शांतारामच्या पायांशी नेली. तो दचकला नाही. खाली वाकला आणि चादर हुंगत राहिला, सोडेचना. मला ते बघवेना. पाठ केली आणि नुसता उभा राहिलो. गुडघे दुखायला लागले. वहिनी दारातून बघत होत्या. बऱ्याच वेळाने मानेवर ऊन ऊन श्वास आला, खांद्यावर हनुवटीचं ओझं टेकलं. वाटलं, जिंकलो. दत्तू, बघ लेका.

हळूच डोळे वळवले. शांताराम माझ्या खांद्यावरून फाटकाकडे बघत होता.

हातखंब्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलं, पण ते नंतर. तेव्हा मी मान सरळ केली... फाटक माझ्याही समोरच होतं.