वरून गार, खालून गरम

बाबा बंब बसवून घरी आले की पिशवी जमिनीवर उपडी करतात. हातोडी, कातर, पक्कड, उरलेले रिवेट आणि सगळ्यांत शेवटी एक किस्सा. हत्यारे पुन्हा पिशवीत जातात, किस्सा घरातच राहतो. आमच्या खोल्या दोनच, त्यामुळे आता पाय ठेवायला जागा नाही!

बाबा तांबट आहेत. गोंदियाच्या दुकानात ते आंघोळीच्या पाण्याचे बंब घडवतात आणि मदतनीस दौलतकाकांना सोबत घेऊन गावोगाव बसवायला जातात. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतले की तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर येते.

* * *

सौंदडला एका शेतकऱ्याकडे पहिला बंब बसला, तेव्हा घरातले आजोबा समोर पाट टाकून बसले. बाबांनी वरून तांब्याभर पाणी ओतले, खालून तांब्याभर वाफाळते आले. आजोबांनी तीनदा ओतायला लावले.

मग हळूच विचारले, "वरून गार घालून राहिले, खालून गरम येऊन राहिलं. मंग मंधात कोन हाय?"

सगळे हसले. सहा महिन्यांनी बाबा वॉशर बदलायला गेले, तर बंबापुढे पानावर भाताची मूद ठेवलेली!

"हे काय, आजोबा?"

"जो आत राबते, त्याले भूक नाही लागत का?"

बाबा सांगतात, पान रोज रिकामे होई. घरात मांजर नव्हते.

* * *

दौलतकाका बंब बसवून झाला की त्याला कान लावतात. गोंदियातच एका हिंदी बोलणाऱ्या बाईंनी तक्रार केली, "मिस्त्रीजी, यह सुबह-सुबह रोता है!"

बाबा म्हणाले, पाणी तापताना आवाज होतोच. पण त्या दिवशी विस्तव घातलेलाच नव्हता. काकांनी कान लावला, बराच वेळ ऐकले आणि बंबाच्या पाठीवर हात फिरवला.

"नवा आहे, बाई. घर सुटलं त्याचं. चार दिवसांत रमते."

पाचव्या दिवशी आवाज थांबला!

* * *

आता सडक अर्जुनीचा किस्सा. हा मात्र आमच्या अंगाशी आला.

तिथे एका धानाच्या व्यापाऱ्याकडे बंब बसला. आपल्याकडे बादलीत आधी गरम पाणी घेतात आणि मग त्यात गार, म्हणजे विसण घालतात. उलटे करत नाहीत. आधी गार आणि त्यात गरम, हे फक्त मृताच्या आंघोळीला. पण बाबांनी तोटी जरा उंचावर बसवली होती. गरम पाणी रिकाम्या बादलीत पडले की शिंतोडे पायावर उडत. म्हणून व्यापाऱ्याची बायको आधी बादलीत गार पाणी घ्यायची आणि मग तोटी सोडायची.

एके दिवशी सासूबाईंनी ते पाहिले. तोपर्यंत त्यांनी त्या पाण्याने आठ दिवस आंघोळ केली होती.

"काऊन वो! मले मढ्याचं पानी देऊन राहिली?"

"चुकलं, आत्याबाई," म्हणत सून रडली. सासूबाई दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळल्या आणि महिन्याभरात गेल्या. त्या ऐंशीच्या पुढे होत्या, पण हे कोण ऐकतो? बाजारात एकच वाक्य फिरू लागले, "त्या तांबटाचा बंब मढ्याचं पानी देते."

बनवायला सांगितलेले बंब लोक नको म्हणू लागले. बाबा आईला म्हणाले, "असेच चालले तर दुकान बंद करून तुझ्या भावाकडे शेतीला जाऊ." मामांच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे. मी आठवीत होते. मी वह्यांना नवी कव्हरे तेवढी घातली.

* * *

तशात बिरसीच्या एका घराने बंब घेतला, पण अट घातली. पहिली आंघोळ मिस्त्रीची, ती पण गावासमोर!

"इंग्रजाच्या लढाईत आमच्या शिवारात विमानं उतरली, आमी नाही भेलो," घरमालक म्हणाले. "पन मढ्याच्या पान्याले भेतो, बापा."

पौषातली थंडी. बाबा अंगणात दगडावर बसले, दौलतकाकांनी अंगावर पाणी घातले. शेवटचा तांब्या झाला. बाबा धडधाकट उठून उभे राहिले आणि जमलेली मंडळी थोडी नाराज होऊन घरी गेली!

* * *

त्यानंतर आठवड्याने सडक अर्जुनीहून निरोप आला, "बंब उचलून न्या." तो बंब बाजारातून बैलगाडीवर परत निघाला असता तर दुकान संपलेच होते. दौलतकाकांना ताप होता, म्हणून सामान धरायला बाबांनी मला नेले. सौंदडपर्यंत छोट्या रुळांची आगगाडी, पुढे बैलगाडी.

भर दुपार होती. व्यापारी न्हाणीच्या दाराशी उभे होते, बायको मागे.

"तेरवी झाल्यापासून पेटवला नाही," ते म्हणाले. "घेऊन जा."

बाबांनी खालची जाळी काढली. राख गार होती. नळीत डोकावून मी पाहिले, आत कोळ्याने आडवे जाळे विणले होते. उचलण्याआधी बंब रिकामा करायचा म्हणून बाबांनी बादली ठेवली आणि तोटी सोडली.

पाणी वाफाळत आले.

बाबांनी तोटीवरचा हात काढला नाही. बादली भरत गेली. व्यापाऱ्याची बायको पुढे झाली, तिने पाण्यात दोन बोटे बुडवली.

"आत्याबाईले इतकंच कढत लागे," ती म्हणाली.

ती आतल्या खोलीत गेली, घडी केलेले लुगडे घेऊन आली आणि न्हाणीतल्या दांडीवर टाकले. बाबांना आणि मला तिने हातानेच बाहेर जायची खूण केली. मग स्वतः बाहेर येऊन तिने दार ओढून घेतले.

आम्ही चौघेही अंगणात उभे होतो. बाबांनी चाचरत विचारले, "मग... बंब नेऊ ना?"

व्यापाऱ्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"राहू द्या, मिस्त्री," ते हळू आवाजात म्हणाले. "माय आंग धून राहिली."