तात्यांना दूध आणायला लावलं

"मॅडम, तात्यांचा मेंदू गेलाय. व्यायामाने येईल का परत?"

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये सुभाषरावांनी मला विचारलं, तेही तात्यांच्या तोंडावर. मी फिजिओथेरपिस्ट. असे प्रश्न नेहमीचेच, आणि मला रागही नेहमीच येतो.

तात्या त्यांचे वडील. बायको गेल्यावर मुलाने त्यांना पारनेरकडच्या गावातून इथे आणलं. तेव्हापासून ते बोलेनासे झाले, नातवंडांची नावं चुकू लागले. डॉक्टरांनी तपासलं. मन उदास आहे म्हणाले, गोळी दिली आणि हिंडतं-फिरतं ठेवायला सांगितलं. तात्यांना परत गावी जायचं होतं. पण अशा अवस्थेत एकटं कोण सोडणार? गावचं घर कायमचं बंद करायचं घाटत होतं.

मी 'सिट टू स्टँड' करायला सांगितलं. म्हणजे हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. तात्या जरा हलले, तोच सुभाषरावांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सूनबाई पाणी घेऊन धावल्या.

"टेस्ट कोणाची चाललीये?" मी विचारलं.

"हितं मला उठूच देत न्हाईत," तात्या म्हणाले. "पानीबी हातात."

"मग बागेत फिरायला जात जा."

"बिनकामाचं हिंडाया मी काय मोकाट वळू हाय?"

मुद्दा बिनतोड होता. मी काम दिलं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं.

सुभाषराव उखडले. "म्हाताऱ्या बापाला कामाला लावलं म्हणतील लोक!"

"म्हणू द्या. माझं नाव सांगा."

चालण्याने मेंदूला रक्त नीट पोचतं, झोप लागते, मन हलकं होतं. सगळाच विसरभोळेपणा त्याने जात नाही. उदासीने आलेला कमी होऊ शकतो.

सुरुवातीला सूनबाई मागून चालायच्या. मग तात्यांनी त्यांना घरी पिटाळलं. डेअरीवाला पारनेरचाच निघाला, त्यामुळे दुधाला तास लागू लागला. पुढे भाजीही त्यांच्याकडे आली. एके दिवशी मेथी शिळी दिली म्हणून ते भाजीवाल्याशी कडाकडा भांडले. सूनबाईंनी फोनवर तक्रार केली. मी अभिनंदन केलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि गावी जायला हरकत नाही म्हणाले. तात्यांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी सुभाषराव क्लिनिकमध्ये आले. "मॅडम, अजून बरे झाले नाहीत, असं सांगा ना त्यांना."

"खोटं कसं सांगू?"

ते खाली बघत बसले. "आई तर गेलीच. आता हेही चालले."

मला फार वाईट वाटलं. तरी मी नाहीच म्हणाले. तात्या एसटीने गेले, एकटे.

बरा झालेला पेशंट निघून जातो. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात, पेशंटच्या मुलांना कोणीच शिकवत नाही.