लेकीच्या घरचा पहिला कप

गेल्या हिवाळ्यात, लिस्बनमध्ये, मुक्कामाच्या आठव्या दिवशी सकाळी माझ्या पत्नीने मुलीच्या घरी पहिल्यांदा कॉफी घेतली. मुलीच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

पत्नीचे माहेर तेल्हाऱ्याचे. लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही तिच्याकडची रीत. मुलगी लग्नानंतर चार वर्षे अकोल्यात सासरी होती. अमरावतीहून आम्ही अनेकदा गेलो. पत्नी पाण्याची बाटली सोबत न्यायची आणि जेवणाच्या वेळेआधी निघायची. मी ही रीत पाळली नाही. पुढे मुलगी आणि जावई नोकरीसाठी लिस्बनला गेले.

तिथे आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत खोली भाड्याने घेतली, ती याच कारणाने. स्वयंपाक पत्नी खोलीतच करायची. दुपारी चारला कॉफी, अमरावतीच्या घरी होते तशीच: चिखलदऱ्याहून आणलेली पूड दूध-साखरेत उकळून, वर किसलेले जायफळ. मला ती अजूनही सगळ्यांत जास्त आवडते. लिस्बनची कॉफी वेगळी. लोक काउंटरपाशी उभे राहून लहानशा कपातली काळी कॉफी दोन-तीन घोटांत संपवतात. तिसऱ्या दिवसापासून पत्नीही तशीच उभी राहून पिऊ लागली. साखरेच्या दोन पुड्या घालून.

सहाव्या दिवशी कॉफीच्या दुकानात मुलगी सोबत होती. काउंटरमागच्या माणसाकडे बोट करून तिने आईला विचारले,

“याच्या हातची चालते, अन् माह्या हातची काहून नाई?”

“हे का तुहं घर आहे?” पत्नी म्हणाली.

“बाबा तर माह्या घरी दोन-दोन कप पितेत.”

“त्यायचं त्यायले माहीत.”

मुलगी आईकडे वळली. मग म्हणाली, “मूल होनार नाई, आई. डॉक्टरनं सांगतलं ते तुले मागच्याच वर्षी सांगतलं. मंग तू माह्या घरचं पानीबी कधीच नाई पिनार?”



सातव्या दिवशी ती मुलीकडे गेली नाही. दुपारी तिने तेल्हाऱ्याला थोरल्या बहिणीला फोन केला. बोलणे बराच वेळ चालले. काय झाले ते मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गेलो तेव्हा मुलगी कॉफी करत होती. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मलेबी टाक.”

मुलीने वळून पाहिले नाही. “दूध नाई टाकत मी. कडू लागन.”

“लागू दे.”

पत्नीने खुर्चीवर बसून कॉफी प्यायली. तिला वेळ लागला.

“लय कडू करतं वं तू,” ती म्हणाली.

दुपारी आम्ही चौघे तिथेच जेवलो. स्वयंपाक मुलीने केला होता.