न घेतलेली गोळी

दाढ काढायला मी दादरला गेलो होतो. डेंटिस्टने खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला. पाच मिनिटं थांबून पुन्हा पट्टा बांधला आणि म्हणाला, "आज दाढ राहू द्या. बीपी एकशे चौऱ्याहत्तर, एकशे सहा आहे. आधी फिजिशियनला दाखवा."

मला काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. दाढ सोडली तर मी ठणठणीत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "दादालाही काही होत नव्हतं," एवढंच ती बोलली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. माझा मित्र आधी, मेहुणा नंतर. करी रोडच्या आमच्या भजन मंडळात तो पखवाज वाजवायचा आणि मी बुवा, म्हणजे मुख्य गाणारा. बरं वाटतंय म्हणून त्याने बीपीच्या गोळ्या सोडल्या आणि एका सकाळी दात घासताना त्याचा उजवा हात बेसिनवरच पडला. तो पुन्हा उचलला गेला नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत त्याच्या खोलीत पखवाज अजून आहे, कापडात गुंडाळलेला. मंडळात दुसरा वादक आला. आमची चाळ जाऊन टॉवर झाला, भजन तळमजल्यावरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेलं. बुवा मात्र मीच राहिलो.

तर हे सगळं मला माहीत होतं. पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं मला म्हणता येत नाही.

दादरच्या डॉक्टर चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी एक गोळी सुरू केली. महिन्याने आकडा उतरला, पण पुरेसा नाही. तेव्हा त्यांनी दुसरी जोडली. मी विचारलं, "पहिलीच वाढवली तर नाही चालणार?"

"एकच औषध वाढवत नेलं की त्याचा त्रासही वाढतो," त्या म्हणाल्या. "दोन वेगळ्या औषधांचे छोटे डोस दोन बाजूंनी काम करतात. पहिल्या गोळीने पाय सुजतात कधी कधी, दुसरी तेही थोडं सांभाळून घेते."

दुसऱ्या गोळीने आकडा छान खाली आला. एकशे छत्तीस, शहाऐंशी. बायकोने त्या दिवशी शिरा केला.

आणि मग खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात आतून कोणी पीस फिरवावं तशी खाज. ऑफिसात यायचा, जेवताना यायचा, पण मुख्य म्हणजे गाताना यायचा. वरच्या सुरावर गेलो की खाज उठायची आणि गजर मध्येच तुटायचा. पखवाजवाला दोन आवर्तनं नुसताच वाजवत माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. ज्येष्ठमध, आलं-मध, हळदीचं दूध, सगळं झालं. लालबागला एका कार्यक्रमात तर मला उठून बाहेर जावं लागलं. परत आलो तेव्हा मंडळातला एक तरुण गडी माझा अभंग पुढे गात होता. चांगला गात होता. ते जास्त लागलं.

पुढच्याच आठवड्यात गावाला गेलो, दहा-बारा दिवस. एक पाकीट मुंबईत राहिलं होतं, त्या दुसऱ्या गोळीचं. तालुक्याला जाऊन आणायचा मी कंटाळा केला. परतायच्या सुमारास देवळात गायला बसलो आणि दोन तास खोकला नाही. घसा माझा होता, जुना. मुंबईला येऊन गोळी सुरू केली, आठवड्याभरात खोकला हजर. मला कळायचं ते कळलं.

आता कोणीही शहाणा माणूस काय करील? डॉक्टरांना फोन करील. मी केला नाही. मला वाटलं, त्या म्हणणार, खोकला सोसा, जीव महत्त्वाचा. गाणं बंद करा असंही म्हणतील. आणि बायको तर भावाकडे बोट दाखवून मला गप्प करील. कोणी नाही म्हणायच्या आतच मी त्यांचा नकार गृहीत धरला आणि गुपचूप ती गोळी थांबवली.

रोज सकाळी पाकिटातून गोळी काढायची, म्हणजे जागा रिकामी दिसायची. शर्टाच्या खिशात टाकायची आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये फ्लश करायची. पहिले काही दिवस ती वाहून गेली का ते वाकून बघायचो. मग सवय झाली, आणि त्या सवयीचीच आता मला जास्त लाज वाटते.

खोकला गेला. आकडा चढला.

घरी मशीन होतं. दर रविवारी बायको माझ्या दंडाला पट्टा बांधायची आणि तो फुगत असताना श्वास धरून बसायची. एकशे अठ्ठावन्न. एकशे चौसष्ट. "लोणचं खाल्लंत का?" "नाही." "ऑफिसात वडा?" "नाही गं." मीठ तिने आधीच निम्मं केलं होतं, आता आमटी अळणी लागायला लागली. ती स्वतःही तेच जेवायची. मी समोर बसून मान खाली घालून भात कालवायचो.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"एकही चुकत नाही," मी म्हणालो. बायकोने मान डोलावली. माझ्या खोटेपणाला तिने खऱ्या मनाने साक्ष दिली.

त्यांनी दोन्ही गोळ्यांचे डोस दुप्पट केले. मी पहिली दुप्पट घ्यायला लागलो, दुसरी दुप्पट फेकायला लागलो. पाय सुजले. संध्याकाळी मोज्यांचा काठ पोटरीत रुतलेला असायचा. मग त्यांनी तिसरी जोडली, लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. ती मी घेत होतो. तरी आकडा एकशे साठच्या खाली येईना.

"तीन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही बीपी ऐकत नसेल तर मागे दुसरं कारण शोधावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. रक्त, लघवी, किडनीची सोनोग्राफी. आणि गरज पडली तर किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन.

सोनोग्राफीच्या टेबलावर मी पडलो होतो, पोटावर तो गार जेल. पडद्यापलीकडे बायको काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक ग्रामदेवतेचं नाव. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण चार महिन्यांचं खोटं एका वाक्यात कसं सांगतात ते मला येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही वरळीला दादाकडे गेलो. त्याची जीभ अजून जड आहे, शब्द ओढून ओढून बाहेर काढतो. बायको वहिनीबरोबर बाहेर गॅलरीत होती. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"गोळ्या… घेतोस ना रे?"

"घेतो."

"माझ्यासारखं… नको करू."

"नाही रे बाबा."

त्याने मनगट सोडलं नाही बराच वेळ. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

पुढचा रविवार मे महिन्यातला. सकाळी बायकोने तिन्ही पाकिटं स्वतःच्या हाताने फोडली आणि तळहातावर गोळ्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. "आजपासून माझ्यासमोर घ्यायच्या. तुम्ही घेत नाही असं म्हणत नाही मी. पण माझ्या जिवाला तेवढंच बरं."

नाही कसं म्हणणार? मी तिन्ही गिळल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच. आणि दुसरी तर दुप्पट ताकदीची.

साडेदहाच्या सुमारास आम्ही लालबागला मसाल्याच्या गल्लीत होतो. वर्षाचा मसाला करायचा होता. ऊन मी म्हणत होतं, मसाला कुटणाऱ्या डंकांचा आवाज, हवेत मिरचीचा खकाणा. पोटात नुसता चहा होता. मी पोत्याशी ओणवा होऊन बेडगी मिरची हातात घेऊन बघत होतो. ताठ उभा राहिलो आणि समोरची सगळी लाल पोती करडी झाली. आवाज लांब गेले.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर, डोकं कोणाच्या तरी मांडीवर आणि वर बायकोचा चेहरा. घाबरली की ती मालवणीत जाते.

"हात वर करा! दोनय हात! माझ्याकडे बघा. हसा. हसा म्हणतंय ना!"

मी हात उचलले. दोन्ही उचलले गेले. हसायचा प्रयत्न केला. तिने माझ्या तोंडाचे दोन्ही कोपरे बोटांनी चाचपले, वाकडं झालंय का ते बघायला. मग ती तिथेच, मिरच्यांच्या पोत्याला टेकून रडली. दुकानदाराने टॅक्सी थांबवली.

परळच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने पट्टा बांधला. शहाऐंशी, चौपन्न. त्याने पाय उशीवर उंच ठेवायला लावले, सलाइन लावलं, ईसीजी काढला.

"काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

बायकोने पर्समधून कागद काढला आणि तिन्ही नावं डोसासकट वाचून दाखवली.

"किती दिवस?"

"पहिल्या दोन सहा-सात महिने. तिसरी महिनाभर."

तो गोंधळला. "याआधी बीपी किती होतं?"

"एकशे बासष्ट."

"मग आज अचानक एवढं खाली? नवीन काही सुरू केलंय? जुलाब, उलट्या? काही हार्टचं असेल तर बघावं लागेल. मी ॲडमिट करून घेतो, कार्डिओलॉजीला बोलावतो."

कार्डिओलॉजी हा शब्द ऐकून बायकोने खाटेची दांडी धरली. तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसली.

"मी ती मधली गोळी घेत नव्हतो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. "किती दिवस?"

"चार महिने. आज सकाळी पहिल्यांदा घेतली."

"फुल डोस? पाण्याच्या गोळीवर?" त्याने मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंत. ही माहिती नसती तर आम्ही दिवसभर भलतंच शोधत बसलो असतो." आणि तो सिस्टरला काहीतरी सांगायला गेला.

बायकोने गोळ्यांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. सलाइनचे थेंब पडत होते. मग ती म्हणाली, "असा कित्याक केल्यात?"

"खोकला यायचा. गाता येत नव्हतं."

"माका सांगूक येय नाय होता?"

ती उठून बाहेर बाकावर जाऊन बसली. संध्याकाळी बीपी एकशे अठरावर आलं तेव्हा ती आत आली, चादर नीट करायला.

दोन दिवसांनी दादरला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मी ओरडा खायच्या तयारीने बसलो होतो. त्यांनी फाइल उघडली आणि मागची पानं सावकाश उलटली, दुप्पट केलेले डोस, लिहून दिलेल्या तपासण्या.

"म्हणजे इतके दिवस मी कोणा वेगळ्याच माणसाला औषध देत होते," त्या म्हणाल्या. "तुमचं बीपी हट्टी नाहीच. दोन गोळ्यांनी ते उतरलं होतं."

"मला वाटलं तुम्ही गाणं सोडा म्हणाल."

"त्या औषधाने काही लोकांना असा खोकला येतो. नेहमीची गोष्ट आहे. त्याच कामाचं दुसऱ्या प्रकारचं औषध असतं, त्याने सहसा येत नाही. तुम्ही फोन केला असतात तर मी दोन मिनिटांत बदलून दिलं असतं."

दोन मिनिटं. मी चपलांकडे बघत राहिलो. चार महिने, सोनोग्राफी, अळणी आमटी, लालबागची ती गल्ली.

त्यांनी पाण्याची गोळी बंद केली. पहिलं औषध जुन्या छोट्या डोसात आणि खोकला आणणाऱ्या गोळीऐवजी दिलेलं नवं औषध, दोन्ही एकाच गोळीत मिळतं ते लिहून दिलं. स्कॅनचा कागद फाडला. निघताना म्हणाल्या, "यापुढे काहीही झालं, खोकला, सूज, चक्कर, काहीही, गोळी बंद करण्याआधी मला विचारायचं. मी रागावेन, पण उत्तर देईन."

खोकला आला नाही. सूज उतरली. महिन्याभरात आकडा एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. भजनाला मी परत बसायला लागलो. त्या तरुण गड्याला आता मी अर्धे अभंग देतो. तो देण्यासारखा गातो, आणि वरच्या सुरासाठी मी काय करून बसलो ते मला ठाऊक आहे. दादालाही सांगितलं. त्याने डाव्या हाताने एक चापट मारली, खरीखुरी, गालावर. मग रडला.

बायको मात्र काही बोलली नाही. भांडली असती तर मला चाललं असतं. ती मशीन काढून देते, पट्टा मी स्वतः बांधतो. गोळ्यांबद्दल ती एक शब्द विचारत नाही. पहिले काही आठवडे मला ते बरंच वाटलं. मग एका सकाळी राहवलं नाही.

"गोळी घेतली का, विचार ना," मी म्हणालो.

ती डबा भरत होती. वर न बघता म्हणाली, "काय विचारू? तुम्ही हो म्हणाल."

मी गोळी तळहातावर घेतली आणि तिच्यासमोर ओट्याशी जाऊन उभा राहिलो. पाणी प्यायलो. तिने बघितलं की नाही मला कळलं नाही. तिने डब्याचं झाकण लावलं, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज भेंडी आहे. संपवा."