दोन मॅनेजर, एक वायफाय

बाबांचे कान तोफखान्याच्या नोकरीत गेले. माझ्याकडे दिल्लीत मयूर विहारला राहायला आल्यापासून गावाकडच्या धाकट्या काकांशी ते माझ्या लॅपटॉपवर बोलतात. बोलतात म्हणजे काकांचे ओठ वाचतात. फोनवर ते जमत नाही. "शेंगदाण्याएवढं तोंड दिसतं," म्हणतात.

त्या सकाळी मिरजेला काकांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. अकराला आत नेणार, त्याआधी भावाभावांनी पोटभर बोलून घ्यावं म्हणून मी दहालाच व्हिडिओ कॉल लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. दोन मिनिटांत वायफाय तुटलं. पडद्यावर काका उघड्या तोंडाने थिजले आणि बाबा त्या ओठांकडे बघतच राहिले.

जोडलं, तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. राउटर बंद-चालू केला. नेटवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, हमारी तरफ से बिल्कुल ठीक है." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यार, तुझ्या त्या लिनक्सचंच काहीतरी असेल," बायको म्हणाली. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. तिचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर असले कॉल चालत नाहीत. मी तिच्यावरही खेकसलो. माझ्या लिनक्सला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

शेवटी लॅपटॉपने स्वतः ठेवलेल्या नोंदींचा लॉग उघडून बघितला. चूक माझीच होती. महिन्यापूर्वी वायफाय जोडून देणारा नेटवर्क मॅनेजर त्रास देतो म्हणून मी त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर मोठ्या हौसेनं टाकलं होतं. पहिलं काढायचं राहिलं. आदल्या दिवशीच्या अपडेटनंतर दोन्ही एकदम सुरू झाली. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडायचं. एकाच पोळपाटावर दोघीजणी लाटायला बसल्यासारखं. एक ओळ टाइप करून दुसरं बंद केलं आणि नेट सुरळीत झालं.

तोवर सव्वाअकरा वाजले होते. कॉल चुलतभावाने उचलला. "आत्ताच आत नेलं रे."

स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. बाबांसमोर बसून सावकाश म्हणालो, "माझ्यामुळे राहिलं, बाबा. आता काकांचा आवाज..."

बाबा शर्टाची बटणं काढत होते.

"त्याचा आवाज मी वीस वर्षांत ऐकलेला नाही," ते म्हणाले. "ओठ राहणार आहेत ना? उद्यापासून तो काय म्हणतोय ते तिथल्या कुणाला कळायचं नाही. मलाच विचारतील सगळे. तू तेवढं नेट सांभाळ."