खिळ्याला टांगलेला नान

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत आमच्या शेजारी उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या एक आजी राहतात. सिनेमे पाहून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी बोलतात. नान थापताना देशाचा इतिहास सांगतात, "सिकंदर आया, गया. अरब, मंगोल, रूसी, सब गया. हम आज़ाद!" दर नावाला एक थाप पडते.

गेल्या ऑगस्टमध्ये आमची लेक कॉलेजला निघाली, तेव्हा आजींनी ताजा नान आणला. तिला एक घास खायला लावला आणि उरलेला आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. निघालेल्या माणसाने परत येऊन तो संपवायचा, ही त्यांच्याकडची रीत.

"आपका भी टंगा है?" मी विचारलं.

त्यांचा देश स्वतंत्र झाला आणि कामं बुडाली, तेव्हा त्या निघाल्या होत्या.

"माँ ने टाँगा था," त्या हळूच म्हणाल्या. "माँ अब नहीं. भाई उतारता नहीं."